अकरा ते चार

हॉस्पिटलात वीस दिवस काढले की माणसाची सगळी हाव मरते आणि एकच उरते, झोपेची. आश्लेषाला आता गोडधोड नको होतं, गप्पा नको होत्या, नवी साडी तर नकोच. देवानं समोर येऊन वर माग म्हटलं असतं तर तिनं आधी इराच्या किडन्या मागितल्या असत्या, आणि देव वळून जायच्या आत घाईघाईनं एक उशीही मागून घेतली असती.

इरा तिची सहा वर्षांची लेक. घसा दुखल्याचं निमित्त झालं, ताप आला तसा गेला. पंधरा दिवसांनी एके सकाळी पोर उठली ती डोळे सुजलेले घेऊन, आणि लघवी बघावी तर काळ्या चहासारखी. चौलच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि तासाभरात अलिबागेजवळच्या या मुलांच्या हॉस्पिटलात धाडलं. किडन्यांनी काम टाकलं होतं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं, असं सासूबाई फोनवर रोज सांगायच्या. आश्लेषा हो म्हणायची. ही मुंगी मधेच बसकण मारून बसली होती, हे त्यांना काय सांगायचं?

या हॉस्पिटलाची रीत जगावेगळी. इतर ठिकाणी आईबापांना बाहेरच्या बाकावर बसवतात आणि काचेतून पोराचे पाय दाखवतात. इथं घरच्यांनाच कामाला जुंपलं होतं. इराला दिवसभरात साडेचारशे मिली पाणी, थेंब जास्त नाही. ते औषधाच्या छोट्या कपानं मोजून आईनं पाजायचं. लघवी मोजायची आईनं. सकाळी वजन, दुपारी गोळ्या, सगळं तक्त्यावर लिहायचं आईनंच. सिस्टर लक्ष ठेवायच्या, चुकलं तर सांगायच्या. आणि दहाच्या राउंडला डॉ. मृणाल खाटेपाशी उभ्या राहून फाइल उघडण्याआधी विचारायच्या, "आई, आज तुम्हाला कशी वाटतेय?" पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "मी दहा मिनिटं बघते, तुम्ही चोवीस तास बघता. मग जास्त कुणाला कळणार?"

आश्लेषा तेव्हा भारावून गेली होती. चौथ्या दिवशी तिला या मोठेपणाची किंमत कळली. तुमच्यावर कुणी एवढा विश्वास टाकला की तुमचा डोळ्याला डोळा लागत नाही. इरा कूस बदलायची आणि आश्लेषा उठून बसायची. पोर तहानेनं कुरकुरायची, "आई, एकच घोट," आणि आश्लेषा तक्ता बघून सांगायची, "पावणेतीनला, बाळा." स्वतःच्याच लेकीला पाणी नाही म्हणायचं काम दिवसात पंचवीस वेळा केलं की अंगातलं सगळं बळ कुठं जातं कुणास ठाऊक.

बदलीला येणार कोण? नवरा अनीश थळच्या कारखान्यात, ऑफिसात. त्याची रजा पहिल्या आठवड्यातच संपली. संध्याकाळी सुटला की यायचा, इराजवळ तासभर बसायचा आणि बसल्या बसल्या पेंगायचा. सासूबाईंचे, कुमुदताईंचे गुडघे कामातून गेलेले. त्या घरून बिनमिठाचा डबा पाठवायच्या. राहता राहिले दादा, सासरे. वय त्र्याहत्तर, चौलच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, नारळी-पोफळीच्या वाडीत रमणारे. बाराव्या दिवशी ते एस.टी.नं आले, सुनेचं तोंड बघितलं आणि म्हणाले, "अगो, तू आरशात बघितलंस का? उद्यापासून अकरा ते चार मी बसणार. तू पडायचं."

अकरा ते चार. पाच तास. वॉर्डाच्या मागे आयांसाठी एक खोली होती, चटया आणि एक पंखा. त्या खोलीत आश्लेषा पहिल्या दिवशी पडली ती चारला जनीमावशीनं हलवल्यावरच उठली. जनीमावशी वॉर्डात झाडूपोछा करायची, बाई तोंडाची फटकळ. "बाय, मेलीस का काय म्हनून बघाया आले," म्हणाली. आश्लेषाला किती दिवसांनी हसू आलं.

पण त्या अकरा ते चारच्या आधी एक सोपस्कार होता, आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथंच. वॉर्डाचा नियम असा, की खाटेपाशी नवीन माणूस बसणार असेल तर त्याला शिकवायचं आईनं. दहा ओळींचा एक कागद असायचा. एकेक ओळ वाचायची, समजावायची, पुढे खूण करायची, खाली दोघांनी सही. पाणी किती, कप कसा धरायचा, सूज कुठे बघायची, सिस्टरला कधी हाक मारायची. सातवी ओळ अशी: केळं, संत्रं, सुका मेवा, शहाळ्याचं पाणी बंद, यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय थांबू शकतं.

आता दादांच्या पाळीच्या पहिल्या दिवशी झालं होतं असं. दादा आले ते हातात पिशवी घेऊन, पिशवीत पाच शहाळी. पहाटे वाडीतल्या गड्याला, अनंताला माडावर चढवून उतरवलेली, वरून तासून नीट पांढरी केलेली. चौलात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि वाडीवाला तर शहाळ्याशिवाय जाणारच नाही. दादांना स्वतःला कॉलेजात असताना विषमज्वर झाला होता तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना एकवीस दिवस शहाळ्यावर ठेवलं होतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक सुनेनं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ऐकलेली असायची. त्यांनी चार शहाळी सिस्टरांच्या टेबलावर ठेवली, एक बाजूला काढलं आणि म्हणाले, "हे आपल्या इराचं."

आश्लेषाच्या हातात तो कागद होता. सातव्या ओळीवर बोट होतं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एस.टी.त उभा राहून आलेला, त्याच्या तोंडावर सांगायचं, की दादा, तुमचं शहाळं हे विष आहे. तिला जमलं नाही. ती म्हणाली, "आज नको, दादा. आज तिच्या पाण्याचं माप झालंय." दादांनी मान डोलावली. गणिताचे मास्तर, माप त्यांना लगेच पटलं. आश्लेषानं सातव्या ओळीपुढे खूण केली, उद्या सांगू म्हणून. दोघांनी सही केली. आणि ती झोपायला गेली.

दुसऱ्याच दिवशी कल्पिता सिस्टरनी सांगितलं की सालींचा कचरा वॉर्डात नको. दादा त्या दिवसापासून शहाळी आणायचे थांबले. बरोबर फक्त फिरकीचा तांब्या असायचा. आश्लेषाला वाटलं, घरच्या विहिरीचं पाणी असेल, म्हातारा माणूस, बाहेरचं पाणी सोसत नसेल. सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

तीन दिवसांपूर्वी चार वाजता ती डोळे चोळत खाटेपाशी आली. दादा चप्पल घालून निघायच्या तयारीत. तक्ता सुबक अक्षरात भरलेला, चाळीस, चाळीस, तीस. इरा कधी नव्हे ती खुशीत होती. आणि खाटेशेजारी ठेवलेल्या चमच्याच्या खोलगट भागात काहीतरी पांढरं, पातळ चिकटलेलं होतं. नखाएवढं. वाडीतल्या घरात बारा वर्षं नांदलेल्या बाईला शहाळ्याची मलई ओळखायला भिंग लागत नाही.

तिनं चमचा उचलला, नळाखाली धुतला आणि पुसून ठेवला. इडलीचा तुकडा असेल, असं स्वतःला सांगितलं. त्या दिवशी डब्यात इडली नव्हती, हेही तिला ठाऊक होतं. दादांना विचारलं असतं तर दादा दुखावले असते, अनीशला कळलं असतं, सिस्टरना सांगावं लागलं असतं, आणि अकरा ते चार गेलं असतं. हे सगळं तिनं एवढं सरळ मांडून विचारात घेतलं नाही. फक्त चमचा धुतला. पण मनाच्या तळाशी हिशोब तोच होता आणि तो तिला पाठ होता.

विसाव्या दिवशी सकाळी डॉ. मृणाल राउंडला आल्या त्या कपाळाला आठी घालून.

"मला कोडं सुटत नाहीये," त्या म्हणाल्या. "लघवी वाढलीय, सूज उतरलीय, क्रिएटिनिन खाली येतंय. किडन्या सुधारतायत. आणि पोटॅशियम मात्र चार दिवस चढतंच आहे. काल नमुना खराब असेल म्हणून परत घेतला. आज सहा पूर्णांक चार. आई, बाहेरचं काही पोटात गेलंय का? फळ, रस, काहीही?"

"नाही," आश्लेषा म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला तो ऐकू आला.

डॉक्टरांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. तोच तर या वॉर्डाचा धर्म. "मग धोका पत्करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन आता देते, त्यानं हृदय सांभाळलं जाईल. पण दुपारपर्यंत उतरलं नाही तर मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागेल. ते इथं होत नाही, मुंबईला हलवावं लागेल. तिथल्या आयसीयूत तुम्हाला खाटेपाशी बसता येणार नाही, हे आधीच सांगते. दिवसातून दहा मिनिटं, काचेबाहेरून. बारा वाजता सगळ्यांशी बोलू. जे जे इराजवळ बसतात ते सगळे हवेत."

इरानं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं आईचा पदर मुठीत धरला होता आणि छतावरच्या पंख्याकडे बघत होती. आश्लेषानं अनीशला फोन लावला. मग ती नुसती बसून राहिली. मानेत नळी, काच, आणि काचेपलीकडे एकटी इरा, पाणी मागणारी. आणि हे सगळं एका नखाएवढ्या पांढऱ्या तुकड्यापायी. सांगावं, आत्ता उठून सांगावं, असं दहा वेळा मनात आलं. पाय उचलला नाही. थकवा असा असतो, खरं बोलायलाही उठून उभं राहावं लागतं.

बाराला सिस्टरांच्या टेबलाबाजूच्या छोट्या खोलीत सगळे जमले. अनीश हेल्मेट मांडीवर घेऊन, दादा पिशवी पायाशी ठेवून, आश्लेषा भिंतीला टेकून उभी. डॉ. मृणालनी सोप्या शब्दांत समजावलं. पोटॅशियम म्हणजे काय, किडनी ते बाहेर कसं टाकते, टाकता नाही आलं तर हृदयाचं काय होतं. "म्हणून तर आपण केळं बंद करतो, सुका मेवा बंद करतो," त्या म्हणाल्या, "आणि शहाळ्याचं पाणी. सगळ्यांत वाईट तेच. लोक औषध म्हणून देतात."

दादा ऐकत होते. मास्तर होते, वर्गात कसं ऐकायचं ते त्यांना माहीत होतं. मग ते हळूच खाली वाकले, पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला आणि टेबलावर ठेवला.

"किती दिलं तर किती चढतं?" त्यांनी विचारलं. "मी रोज शंभर-दीडशे देत होतो. सहा दिवस. तिच्या मापातलंच, पाण्याच्या जागी. मोजून."

कल्पिता सिस्टरनी तांब्याची फिरकी उघडली, वास घेतला आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

"दादा," अनीश म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "पोरगी मरायला टेकलीय हो. आम्ही इथं थेंब थेंब मोजतोय आणि तुम्ही... साधं विचारावं तरी कुणाला. उद्यापासून तुम्ही येऊ नका. मला बोलवत नाही पुढे."

मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणणं दादांच्या हातात होतं. त्या कागदावर सातव्या ओळीपुढे सुनेची खूण होती, तो कागद त्याच टेबलावरच्या फाइलमध्ये होता. त्यांनी फक्त एकदा आश्लेषाकडे बघितलं. राग नव्हता त्यात. माप झालंय म्हणालीस ना, एवढंच होतं. मग त्यांनी नजर काढून घेतली, पिशवी उचलली आणि म्हणाले, "बरोबर आहे. एकची गाडी मिळेल मला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आश्लेषानं मूठ तशीच ठेवली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. म्हातारा सगळं अंगावर घेऊन एस.टी.त बसला असता, सुनेकडे एक बोट न दाखवता. कारण कळलंच होतं, उपचार सुरू झालेच असते. तिनं बोलायची गरजच नव्हती. पण दादांचा हात दाराच्या कडीला लागला आणि तिला तो चमचा आठवला, नळाखालचा.

"दादांना मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "ती ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नाही. खूण केली आणि झोपायला गेले."

अनीश वळून बघायला लागला.

"आणि परवाच्या आदल्या दिवशी मी चमच्याला मलई बघितली. ओळखली. धुऊन टाकली. सकाळी मॅडमनी विचारलं तेव्हाही मला ठाऊक होतं." ती अनीशकडे वळली. "विचारलं असतं तर दादांचं येणं थांबलं असतं. मला झोपायचं होतं."

एवढं बोलून ती खाली बसली, खुर्ची आहे की नाही हेही न बघता. जमीनच होती. रडू आलं नाही. रडायलाही काही शिल्लक लागतं.

अनीशनं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पुन्हा पहिल्या हातात. मग तो उठून खिडकीशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. डॉ. मृणाल म्हणाल्या, "वीस दिवसांत तुम्ही किती झोपलात, हे मी एकदाही विचारलं नाही. रोज इराचं विचारत होते." मग लगेच त्यांचा आवाज कामाचा झाला. "रागवायला नंतर वेळ आहे. आता कारण सापडलंय, हे चांगलं झालं. शहाळं बंद, पोटॅशियम उतरवायची पावडर सुरू, साडेतीनला परत रक्त. तोवर अ‍ॅम्ब्युलन्स थांबवते. आणि दादा, तुम्ही कुठं निघालात? हा कागद पुन्हा शिकवायचाय. या वेळी मी इथं बसते."

दादा दारातून परत आले. अनीश खिडकीशीच उभा राहिला, पण येऊ नका असं पुन्हा म्हणाला नाही. आश्लेषा खुर्चीवर बसली आणि कागद वाचायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. दादा प्रत्येक ओळीनंतर ती स्वतः म्हणून दाखवत होते. सातवीला ती अडखळली, तर त्यांनीच वाचली. केळं, संत्रं, सुका मेवा, शहाळं. मग खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच्या हातानं खूण केली.

साडेतीनचा रिपोर्ट चारला आला. पाच पूर्णांक नऊ. "उतरतंय," कल्पिता सिस्टर म्हणाल्या. "असंच उतरत राहिलं तर मुंबई नको." अनीशनं तेव्हा पहिल्यांदा आश्लेषाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढलाही. त्याला वेळ लागणार होता. तिला ते कळत होतं.

चारची गाडी दादांनी सोडली होती. ते इराच्या खाटेपाशी स्टुलावर बसले होते. आश्लेषा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, चुकलं माझं."

"चुकलं दोघांचंही," दादा म्हणाले. "मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस."

"पण सारखं नाही ते. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

दादांनी विचार केला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस. दया आली म्हणून चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "सारखं नाही. ते तुझ्याकडेच राहील, गो. पण आता जा, पड जरा. सहाच्या गाडीपर्यंत मी आहे."

आश्लेषा हलली नाही. तेवढ्यात इरानं डोळे उघडले आणि आजोबांकडे बघून म्हणाली, "दादा, गोड पाणी?"

दादांनी औषधाचा छोटा कप घेतला, बाटलीतलं साधं पाणी चाळीसच्या रेघेपर्यंत ओतलं. कप दोन्ही हातांनी धरून त्यांनी तिच्या ओठाशी नेला. इरानं एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि आईकडे बघितलं.

"ते आता नाही, बाळा," आश्लेषा म्हणाली. "त्यानं तुला त्रास होतो. दादांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

इरानं उरलेलं पाणी निमूटपणे पिऊन टाकलं. दादांनी तक्त्यावर चाळीस लिहिलं आणि वेळ घातली. आश्लेषानं रिकामा कप घेतला, नळाखाली धुतला, उजेडात धरून आतून नीट बघितला, आणि मग मागच्या खोलीत जाऊन चटईवर पडली.